खडाखडीची किंमत

खडाखडी ही आमच्या भागातली जुनी करमणूक आणि तितकीच जुनी कटकट. दोन मल्ल सलामी झडवून समोरासमोर येतात, कपाळाला कपाळ लावतात, मानेवर हात टाकतात, मनगट धरतात, सोडतात, मागं सरतात, परत भिडतात. जाणकार माणूस यात रमतो. कुणाचा पाय पुढं येतोय, कोण मान सैल सोडतोय, पटाला कोण जाणार आणि दस्ती कोण मारणार, हे त्याला त्या धरसोडीतच दिसायला लागतं. पण पाच मिनिटं गेली, दहा गेली आणि दोघं नुसते माना घासत राहिले की मागून कुणीतरी ओरडतोच, "हात चोळायलेत काय रे नुसते? धरा की!"

मी उचगावचा. बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा आणि मग आमच्या गावचा फाटा. तसंच पुढं गेलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. घरी भात आणि रताळी. नोकरी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्याची. आणि सुगी आटोपली की यात्रांच्या मैदानात पंच म्हणून उभं राहायचं, हा निवृत्तीनंतरही न सुटलेला नाद. मातीवर पंचगिरी केली, मॅटवरही केली. मातीत घड्याळ नव्हतं. मॅटवर ते सतत डोक्यावर टांगलेलं. दोन्हीकडं उभं राहिल्यावर एक गोष्ट नजरेत भरली. रेंगाळणं कुठल्याच खेळानं बंद केलेलं नाही. प्रत्येकानं त्याची किंमत तेवढी ठरवली आहे, आणि ती कुणी भरायची हेही.

आमच्या जुन्या मैदानांत ती बघणाऱ्यानं भरायची.

तेव्हाचं मैदान दुपारी लागायचं. आधी रेवड्यांच्या कुस्त्या. लंगोट नीट बांधता न येणारी पोरं एकमेकांना धरून फिरायची, जो पाडेल त्याच्या ओंजळीत रेवड्या. मग नारळाच्या कुस्त्या, मग पैशांच्या. इनाम वाढत जायचं तशी जोड मोठी होत जायची. एक नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी, ऊन उतरल्यावर. नेमलेली कुस्ती म्हणजे निकाली कुस्ती, एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालायची. मिनिटं कुणी मोजत नसे. तरी घड्याळ होतंच, ते पश्चिमेला होतं. दिवस बुडाला, हौद्यातलं दिसेनासं झालं, की पंच दोघांचे हात धरून वर करायचे आणि कुस्ती बरोबरीत सोडवायचे. इनाम निम्मं निम्मं.

सगळी गोम या निम्म्यात होती. समजा एक मल्ल तयारीचा आहे आणि दुसरा जरा कच्चा. कच्च्याला ठाऊक असतं की भिडलो तर पडणार, पडलो तर हाती काही नाही. पण अंधार पडेपर्यंत टिकलो तर निम्मं इनाम खिशात, शिवाय 'अमक्याशी बरोबरीत सोडवली' हे नाव वर्षभर मिरवायला. मग तो कशाला भिडेल? तो वेळ काढणार. लांग सैल झाली म्हणून थांबणार, ती सावकाश खोचणार. घाम आला म्हणून वाकून माती घेणार, छातीला चोळणार, मग समोरच्याच्या खांद्यावरही टाकणार, म्हणजे वर खिलाडू दिसणार. धरलं की हौद्याच्या कडेला सरकत जाणार, बाहेर पडला की परत मधोमध आणायचा. आणि खाली आलाच तर पोटावर पालथा. हात आवळून, कोपरं बरगड्यांना चिकटवून असा पडणार की घिस्सा बसणार नाही, एकलंगी लागणार नाही. वर बसलेला हप्ते भरून भरून दमतो, खालचा गार मातीत पडून सूर्याकडं बघतो.

पंचाच्या हातात फारसं काही नसे. दटावायचं, "धर रे, लोक काय देव बघायला आलेत काय?" असं टोचायचं. जास्तच झालं तर इनाम कापायची धमकी द्यायची. दुसरं हत्यार म्हणजे हलगी. जोड थंड पडली की आमचे जुने पंच हलगीवाल्याकडं नुसती मान वळवायचे. तो हौद्याच्या कडेला येऊन असा कडाडायचा की पोरांच्या अंगात आपोआप पाणी फिरायचं. मी हलगीवर कुस्त्या सुटलेल्या पाहिल्या आहेत. तिसरं हत्यार लोकांचं. रेंगाळणं हद्दीबाहेर गेलं की एक आवाज उठायचा, "नुरा हाय, नुरा!" म्हणजे दोघांचं आतून ठरलंय. एकदा हा शिक्का बसला की त्या मल्लाला पुढच्या गावात जोड मिळणं मुश्कील. फसवलेल्या गावाचा तो दंडच होता. पण तो आज केलेल्या कामाबद्दल पुढच्या यात्रेत व्हायचा, आणि कधी कधी निर्दोष पोरालाही बसायचा.

हा आमच्याच मातीचा रोग असं मात्र समजू नका. पालथं पडून वेळ काढण्याचा जगातला सगळ्यात गाजलेला प्रकार लंडनमध्ये झाला, तोही आपल्या गामासमोर. १९१० सालचा सप्टेंबर. गामा तिकडं जगज्जेता ठरवायला गेलेला. अमेरिकेचा डॉक्टर रोलर आधीच आडवा केलेला. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को, देहानं गामाहून बराच मोठा. पहिल्याच मिनिटाला गामानं त्याला खाली घेतलं, आणि झिबिस्को जो पालथा पडला तो उठायचं नावच घेईना. अडीच तासांहून जास्त वेळ ती कुस्ती चालली. चालली म्हणायचं एवढंच. एकजण पोटावर, दुसरा त्याला उलथवायच्या खटपटीत. शेवटी बरोबरी जाहीर झाली आणि आठवड्यानं, १७ सप्टेंबरला, पुन्हा कुस्ती ठरली. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला, पण असा मिळालेला पट्टा मल्लाला कितपत रुचला असेल ते त्यालाच माहीत. १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. या खेपेला गामानं झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केलं. वेळ काढायची संधीच द्यायची नाही, हा रेंगाळणाऱ्यावरचा सर्वांत चांगला डाव. पण तो प्रत्येकाला जमत नाही.

लंडनच्या त्या कुस्तीनंतर दोन वर्षांनी, १९१२ मध्ये, स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये याहून मोठा प्रकार झाला. ग्रीको-रोमन कुस्तीच्या मधल्या वजनगटात रशियाकडून उतरलेला एस्टोनियाचा मार्टिन क्लाईन आणि फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन भर उन्हात भिडले. अकरा तास चाळीस मिनिटं. अधूनमधून विश्रांती, पाणी, पुन्हा सुरू. शेवटी क्लाईन जिंकला आणि इतका मोडून गेला की अंतिम कुस्तीला उभाच राहू शकला नाही. सुवर्णपदक स्वीडनच्या क्लेस योहान्सनला, त्या दिवशी न लढता. यात रेंगाळलं कुणी नव्हतं, दोघंही जीव तोडून लढले होते. तरी मिनिटांना कुंपण घातलं नाही तर काय होतं ते यावरून सगळ्यांना कळलं. ऑलिंपिक कुस्तीत नंतर वेळेच्या मर्यादा येत गेल्या आणि आखडत गेल्या.

त्याच १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान खुलं झालं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, रोममधलं जुनं गोल क्रीडांगण त्यांनी पाहिलं होतं, आणि तसं आपल्याकडं मल्लांसाठी व्हावं हे त्यांच्या मनानं घेतलं. मधोमध खोलगट हौदा, भोवतीनं चढत जाणारी बैठक, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसते. तिकडं ऑलिंपिकवाले घड्याळाकडं वळत होते, इकडं आमचे लोक मनसोक्त बसून बघायची सोय करत होते. मला यात मागासपण दिसत नाही. बैलगाडी जुंपून, भाकरी बांधून आलेल्या माणसाला सहा मिनिटांत घरी पाठवलं असतं तर त्यानं राजालाच शिव्या दिल्या असत्या.

सीमेचं राजकारण मातीवर फारसं चाललं नाही, हेही सांगून टाकतो. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. निपाणीच्या बाजूचं, चिकोडी तालुक्यातलं एकसंबा गावही गेलं. त्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. ते कर्नाटकचे की महाराष्ट्राचे, यावर आमच्याकडं पारावर अजून वाद होतो आणि दोन्ही बाजू खऱ्या निघतात. २०२० च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा दोन्ही राज्यांत हळहळ होती. बेळगावनं स्वतःही मोठी कुस्ती पाहिली आहे. १९७७ मध्ये हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं ते इथंच. माझ्या वडिलांच्या पिढीला ती कुस्ती घरच्या लग्नासारखी पाठ. कोण कुठं बसलं होतं, कुणाचा फेटा उडाला, जाताना ट्रक कुणाचा होता, सगळं. किती मिनिटं झाली, असं विचारलं की मात्र एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. वेळ मोजायला कुणी गेलंच नव्हतं.

मॅटचं घड्याळ आपल्याकडं खाशाबा जाधवांच्या आधीपासून ऐकून माहीत होतं, पण त्याची धार कळली ती त्यांच्यामुळं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस. १९४८ ला लंडनला गेला तेव्हा मॅटवर नवखा, तरी सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जाताना पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथं खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे आपल्या पोरांना पाठ असतं. त्याच्या पोटातली गोष्ट कमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती पूर्ण वेळ, पंधरा मिनिटं चालली आणि थोडक्या गुणानं हुकली. नियमानं दोन कुस्त्यांच्या मधे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. त्यांच्या बाजूनं 'अर्धा तास द्या' म्हणणारा एकही भारतीय अधिकारी तिथं नव्हता. ते दमलेले होते, ती कुस्ती गेली. मी शाळेत ही गोष्ट सांगायचो ती पदकासाठी नव्हे. नियमातला वेळ आपोआप मिळत नाही, आपल्या कोपऱ्यात उभं राहून तो मागणारा माणूस लागतो, हे पोरांना कळावं म्हणून. पुढं जिल्ह्याच्या स्पर्धांना आमची पोरं न्यायचो तेव्हा मी आधी वेळाधिकाऱ्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचो, चहा नंतर.

आज मॅटवर तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मधे तीस सेकंद. हे आताचं रूप २०१३ चं, आणि ते भीतीतून आलं. त्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२० पासून कुस्ती वगळायची शिफारस केली. जिथं प्राचीन ऑलिंपिकपासून कुस्ती आहे तिथूनच तिला बाहेर काढायची वेळ आली, कारण टीव्हीवर बघणाऱ्याला काही कळत नाही आणि काही घडत नाही. जागतिक संघटनेचा अध्यक्ष बदलला, गुणांची पद्धत बदलली, रेंगाळणाऱ्याचा नियम कडक झाला. सप्टेंबरात कुस्ती परत आत आली. मातीवर आमचा बघणारा ओरडायचा, तेच काम इथं टीव्हीनं केलं, फक्त जरा सभ्यपणे.

तो नियम असा. फ्रीस्टाईलमध्ये पहिल्या फेरीची दोन मिनिटं गुणाविना गेली तर पंचानं दोघांपैकी एकाला निष्क्रिय ठरवायचंच. कुणाला, हे पंचानं बघायचं, पण सोडून द्यायची मुभा नाही. त्याच्यावर तीस सेकंदांचं घड्याळ लागतं. त्या तिसांत त्यानं गुण काढला तर सुटला. कुणीच काही केलं नाही तर समोरच्याला एक गुण फुकट. पहिल्यांदा हा नियम वाचला तेव्हा मला आमचे सगळे पालथे पडणारे आठवले आणि वाटलं, लागला एकदाचा रोगाला उतारा.

उतारा लागला, पण रोगी हुशार निघाला. आता मॅटवर काय दिसतं? पहिल्या फेरीत एकाला निष्क्रिय ठरवतात, तीस सेकंद जातात, समोरच्याला एक गुण. दुसऱ्या फेरीत उलट होतं, याला एक गुण. एक-एक. बाकी सगळं सारखं असेल तर शेवटचा गुण ज्याचा त्याची कुस्ती, म्हणजे पोरगा जिंकला. हात वर झाला, प्रमाणपत्र मिळालं. आणि सहा मिनिटांत डाव एकही नाही. ना पट, ना ढाक, ना मोळी. मी स्वतः असे हात वर केले आहेत. नियमाप्रमाणं ते बरोबरच असतात.

माझा पुतण्या टेक्सासात डॅलसच्या बाजूला असतो. त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा रविवारी सकाळपासून घरात अमेरिकन फुटबॉल. मला आधी तो खेळ म्हणजे खेळ कमी आणि उभं राहणं जास्त असा वाटला. गडी ओळीत उभे राहतात, कुजबुजतात, बोटं दाखवतात, दोन-चार सेकंद एकमेकांवर आदळतात आणि परत उभे. म्हटलं, ही तर शुद्ध खडाखडी. पुतण्यानं पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. "काका, ते बघा, चाळीसपासून उलटं मोजतंय." एक झटापट संपली की चाळीस सेकंदांच्या आत पुढची सुरू करायचीच, पंचांनी खेळ थांबवला असेल तर पंचवीस सेकंदांत. नाही केली तर पिवळा रुमाल पडतो आणि चेंडू पाच यार्ड मागं. पाच यार्ड म्हणजे पंधरा फूट. मी खुर्चीत सरसावून बसलो. इथं रेंगाळल्याची किंमत फुटात मोजतात, त्याच क्षणी मोजतात आणि ज्यानं उशीर केला त्याच्याकडूनच घेतात. आमच्या मैदानावर हे पाहिजे होतं.

मग पुतण्यानं दुसरी गोष्ट सांगितली आणि मी जरा थंड झालो. कधी कधी संघ मुद्दाम घड्याळ संपू देतात. चेंडू लाथेनं लांब मारायचा असतो, समोरची हद्द फार जवळ आलेली असते, लाथेला जागा अपुरी पडते. मग आपणहून दंड घ्यायचा, पाच यार्ड मागं सरायचं आणि आरामात मारायचा. त्याहून वरताण प्रकार २०२० च्या जानेवारीत झाला. टेनेसी टायटन्सचा प्रशिक्षक माईक व्रेबल, समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा बिल बेलिचिक. व्रेबल हा बेलिचिकच्याच हाताखाली खेळून मोठा झालेला. शेवटच्या टप्प्यात टायटन्स एका गुणानं पुढं होते. त्यांनी चेंडू मारायच्या आधी मुद्दाम उशीर केला, दंड घेतला. मग मुद्दाम चुकीची हालचाल केली, परत दंड घेतला. नियमातल्या एका फटीमुळं प्रत्येक दंडानंतर सामन्याचं मोठं घड्याळ पळत राहत होतं. अशानं मिनिटाहून जास्त वेळ त्यांनी नुसता जाळला. बेलिचिक कडेला उभा राहून संतापला होता, आणि गंमत अशी की हीच युक्ती काही महिने आधी त्यानंच दुसऱ्या संघावर वापरली होती. गुरूची विद्या गुरूला. टायटन्स जिंकले, आणि त्या वर्षी लीगनं ती फट बुजवली.

तिथं माझ्या डोक्यात जे इतकी वर्षं गोल फिरत होतं ते जागेवर बसलं. एक-एकवर जिंकणारं आमचं मॅटवरचं पोरगं आणि तो व्रेबल एकाच तालमीतले. किंमत ठरवली की माणूस ती परवडते का ते बघतो. परवडली तर भरतो आणि आपलं तेच करतो.

क्रिकेटवाल्यांनी अलीकडं दोन षटकांमधे साठ सेकंदांचं घड्याळ लावलंय, दोनदा ताकीद आणि तिसऱ्या वेळी पाच धावा. अजून तरी ते धाकात आहेत, कारण पाच धावा महाग पडतात. कबड्डीची गोष्ट मात्र मला खरोखर लागते. हुतूतूत चढाईचं घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातीत होतं. दम असेपर्यंत आत, दम तुटला की बाद. पंचानं फक्त कान देऊन ऐकायचं. २०१४ ला प्रो कबड्डी आली, चढाईला तीस सेकंद आले, आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण काढ नाहीतर बाहेर बस, असा नियम आला. खेळ वेगवान झाला, पोरांना पैसे मिळाले, आमच्या तालुक्यातली पोरंही त्याच्या मागं लागली, सगळं चांगलं झालं. पण पूर्वी रेंगाळणाऱ्याला त्याचं स्वतःचं फुप्फुस बाहेर काढायचं. याच्याइतका न्यायी पंच मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याला कधी कुणी शिवी दिलेलीही ऐकली नाही.

मैदानांकडं परत येतो. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात, येळ्ळूरला, आमच्या आसपासच्या यात्रांमधे आता मोठमोठे दिवे लागतात. कुस्त्या रात्रीपर्यंत चालतात, मोबाइलवर थेट दिसतात, निवेदक शेरोशायरी करतो. उजेड आला आणि जुनं घड्याळ मेलं. दिवस बुडाल्यावर सुटका नाही म्हटल्यावर मिनिटं ठरवणं भाग होतं. आता वीस मिनिटं, कुठं पंचवीस, कुठं अर्धा तास निकाली लढायचं आणि निकाल झाला नाही तर कुस्ती गुणांवर लावायची. जो आधी कब्जा घेईल त्याची. जुने वस्ताद म्हणतात, घड्याळानं निकाली कुस्ती मारली. मला हे पटत नाही. निकाली कुस्ती निम्म्या इनामानं मारली, घड्याळ नंतर मयताला आलं. पण वस्तादांच्या म्हणण्यात एक खरं आहे. गुणांवर जाणार हे आधीच माहीत असलं की पोरं वीस मिनिटं राखून घेतात आणि एकविसाव्या मिनिटाला कुस्ती सुरू करतात. म्हणजे लोकांनी तिकीट वीस मिनिटांचं काढायचं आणि बघायची तीस सेकंदांची.

म्हणून एका यात्रेच्या बैठकीत मी पंचमंडळींपुढं विषय काढला. मिनिटांत हात घालू नका, पैशात घाला. जी कुस्ती निकाली होईल तिला पूर्ण इनाम, गुणांवर सुटेल तिला निम्मं, आणि बरोबरीत सुटली तर दोघांनाही पाव पाव. उरलेलं गावच्या तालमीला. यावर बराच खल झाला. एक म्हणाला, मोठे मल्ल येणार नाहीत. दुसरा म्हणाला, बिदागी आधी ठरलेली असते, तिच्यातून कापणार कशी? तेही खरंच होतं. नावाजलेल्या मल्लाला आणताना गाडीभाडं आणि मानधन वेगळं द्यावं लागतं आणि तो पडो वा न पडो, ते त्याचंच असतं. शेवटी वरच्या दोन जोड्या वगळून बाकी कुस्त्यांना हा नियम लावायचं ठरलं. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त खडाखडी होते तिथंच तो लागू नाही. पण आमच्याकडं एवढं एकमतानं ठरणं हीच मोठी गोष्ट.

त्या वर्षी मधल्या फळीच्या कुस्त्या भराभर सुटल्या. पोरं खरंच भिडली. एकानं ढाकेवर सुरेख कुस्ती केली, हलगीवाल्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. एकच जोड शेवटपर्यंत अडून बसली आणि बरोबरीत सुटली. त्या कुस्तीचे उरलेले पैसे ठरल्याप्रमाणं तालमीत गेले, आणि त्यांतून मातीत घालायला ताक, तेल, लिंबं आणि हळद आली. त्या जोडीतल्या एका पोराचे वस्ताद भेटतील तिथं मला गाठतात आणि चारचौघांत म्हणतात, "मास्तर, आमच्या पोराच्या वाटणीचं दूध तुम्ही मातीला पाजलासा."